हॉलमधलं चार्जिंग: दोन बोर्ड, दहा उपकरणं, भाड्याचं घर

गारवेल
नमस्कार मंडळी. दादरच्या जुन्या इमारतीतल्या भाड्याच्या वन-बीएचकेसाठी सल्ला हवा आहे. हॉल १० बाय १४ फूट. ६ अँपियरचे बोर्ड दोनच, एक टीव्हीमागे आणि दुसरा दाराशी, दिव्यांच्या बटणांखाली. सोफा-कम-बेड टीव्हीच्या समोरच्या भिंतीला आहे आणि त्या भिंतीत एकही पॉइंट नाही.

चार्ज करायचं सामान: चार फोन (त्यातला एक ८० वॅटच्या स्वतःच्या चार्जरवाला), टाइप-सीवर चालणारा ६५ वॅटचा लॅपटॉप, एक टॅब, दोन जणांचे इअरबड्स, एक स्मार्ट घड्याळ. शिवाय राउटर चोवीस तास चालू. भिंतीला खाच मारायची परवानगी नाही. एका बोर्डावर एवढं चालेल का? चार्जर कोणता घ्यावा? सोफ्यापर्यंत वीज कशी न्यावी?

तांब्याचीतार
आधी लोडचा हिशेब करू, म्हणजे निम्मी भीती जाईल. लॅपटॉप ६५, तो एक फोन ८०, उरलेले तीन फोन प्रत्येकी २०, टॅब २५, घड्याळ आणि इअरबड्स मिळून १०, राउटर १२. सगळं एकाच क्षणी पूर्ण जोरात चाललं तरी साधारण २५० वॅट. २३० व्होल्टला हे १.१ अँपियर, चार्जरमधली घट धरून सव्वा अँपियर. ६ अँपियरचं सॉकेट १३८० वॅटपर्यंत पेलतं. त्यामुळे चार्जिंगच्या लोडने बोर्ड जळत नाही.

बोर्ड जळतो तो दोन कारणांनी. पहिलं म्हणजे त्याच एक्स्टेन्शनवर कोणीतरी इस्त्री किंवा सँडविच टोस्टर लावतं. १००० वॅटची इस्त्री एकटीच ४.३ अँपियर ओढते आणि स्वस्त एक्स्टेन्शनची वायर आतून केसासारखी बारीक असते. दुसरं आणि जास्त नेहमीचं कारण म्हणजे लूज कॉन्टॅक्ट. सॉकेटच्या आतली पितळी पकड वापराने फाकते, मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तिच्यावर काळपट थर चढतो, संपर्काचा रोध वाढतो आणि तेवढ्याच जागी उष्णता तयार होते. उष्णतेने पकड आणखी ढिली पडते, असं ते चक्र चालू राहतं. सॉकेटच्या भोकाभोवती पिवळट-तपकिरी वर्तुळ दिसलं किंवा पिन घालताना चरचर आवाज आला तर सॉकेट बदलायचं. आत कापूस, कागद कोंबून पिन घट्ट बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

फोनच्या चार्जरची पिन बहुधा ४ मिमीची असते आणि आपल्या ६ अँपियरच्या टॉपची (तीन पिनांच्या प्लगची) पिन ५.१ मिमीची. म्हणून 'सगळे प्लग बसतील' अशा बहुपयोगी सॉकेटमध्ये चार्जर डुगडुगतात. त्यात जड चार्जर भिंतीवर लटकवला की स्वतःच्या वजनानेच तो खाली झुकतो. तुमच्याकडे एवढी उपकरणं आहेत तर भिंतीत थेट खोचायचा चार्जर घेऊच नका. वायर असलेला डेस्कटॉप चार्जर घ्या. तो फळीवर आडवा पडून राहतो आणि सॉकेटवर भार येत नाही.

निळी_शाई
चार्जरच्या निवडीबद्दल लिहिते. बॉक्सवरचा मोठा आकडा हा सगळ्या पोर्टचा मिळून असतो. १०० वॅटचा, तीन सी (टाइप-सी) आणि एक ए (जुनं चौकोनी यूएसबी) पोर्टवाला चार्जर घेतला तर एकटं उपकरण लावल्यावर १०० मिळतात. दोन लावल्यावर ६५ आणि ३०, तीन लावल्यावर ४५, ३० आणि २० अशी काहीतरी वाटणी होते. ही वाटणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. चार्जरच्या तळाशी किंवा खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात तक्ता छापलेला असतो, तो वाचूनच घ्यायचा. तुम्हाला १०० वॅटच्या खालचा घेऊ नका असं सांगेन, कारण लॅपटॉपच्या जोडीला दोन फोन लागले की ६५ वॅटच्या चार्जरमधून लॅपटॉपला २०-३० वॅटच उरतात. काही लॅपटॉप तेवढ्यावर चार्जिंग घेतच नाहीत.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अशा चार्जरमध्ये नवीन केबल खोचली की तो सगळ्या पोर्टची वाटणी पुन्हा ठरवतो आणि त्यासाठी एक-दोन सेकंद इतर पोर्टचा पुरवठा तोडतो. फोनला त्याने काही होत नाही. पण राउटर किंवा टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक त्याच चार्जरवर असेल तर दरवेळी ती बंद होऊन पुन्हा चालू होते, आणि लोक नेटवाल्याला शिव्या घालत बसतात. राउटर त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवरच ठेवा.

८० वॅटवाल्या फोनचा चार्जर वेगळाच लागेल. त्या कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत त्यांच्याच चार्जर आणि केबलच्या जोडीवर चालते. साध्या पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीची सर्वसाधारण जलद चार्जिंग पद्धत) चार्जरवर असे बरेच फोन १० ते १८ वॅटवर येतात. रात्रभर लावून ठेवायचा असेल तर तेवढं भरपूर आहे, उलट फोन थंड राहतो. सकाळच्या घाईसाठी मूळ चार्जर बोर्डावर असू द्या.

बाकीच्या फोनसाठी चार्जरवर 'पीपीएस' लिहिलेलं आहे का बघा. त्यात फोन २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवा तेवढाच व्होल्टेज मागून घेतो, त्यामुळे रूपांतराची उष्णता फोनच्या पोटात कमी होते.

शिवडीचा_वारा
@निळी_शाई, एक ए पोर्ट हवाच का? सगळं सी-टू-सी करून टाकलं तर केबलचा गुंता कमी होईल असं वाटतं.

निळी_शाई
हवाच. ट्रिमर, टॉर्च, छोटे स्पीकर, स्वस्तातले इअरबड्स यांना टाइप-सीचं भोक दिलेलं असतं, पण आत ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टर टाकायची काटकसर केलेली असते. ते नसले की सी पोर्टला समोर उपकरण आहे हे कळतच नाही आणि तो वीज सोडत नाही. लोक म्हणतात इअरबड्स बिघडले. तेच ए-टू-सी केबलने लावा, लगेच चालू होतात, कारण ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात.

पण या 'कायम असण्या'चा तोटाही आहे. ए-टू-सी केबलचं मोकळं टोक सतत जिवंत असतं. त्यावर घामाचा हात लागला, पावसाळ्यात ओल धरली, की आतल्या पट्टीवर विद्युत-विघटन होऊन ती हिरवी किंवा काळी पडते. सी-टू-सी केबलचं मोकळं टोक, उपकरण जोडेपर्यंत, निर्वीज असतं. समुद्राजवळच्या घरात ए पोर्टची केबल वापर झाला की काढून ठेवावी किंवा बोर्डाचं बटण बंद करावं.

सुतारपक्षी
आता मांडणी. माझं ठाम मत: सगळी उपकरणं एकाच जागी चार्ज होतील असा हट्ट धरू नका. माणसं फोन सोफ्यावर वापरतात आणि तिथेच त्याला वीज लागते. तो उठून टीव्हीजवळ ठेवायचा नियम कोणी पाळत नाही, मग शेवटी सोफ्याच्या हातावरून तिरकी वायर लोंबायला लागते. दोन ठिकाणं करा. टीव्ही युनिटवर रात्रीचं आणि कायमचं सामान, सोफ्याच्या बाजूला हातात धरून वापरायचं.

टीव्ही युनिटसाठी: वरच्या फळीला मागच्या कडेपासून ४-५ सेंमी आत ६० मिमीचं भोक होल सॉने पाडायचं आणि त्यात प्लास्टिकचं झाकण बसवायचं. युनिट घरमालकाचं असेल तर भोक न पाडता फळी भिंतीपासून ३ सेंमी पुढे ओढली तरी काम होतं. चार्जर आणि बोर्ड फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने टांगायचे, जमिनीवर नाही. फरशी पुसताना पाणी लागतं, धूळ आणि केस बोर्डात जातात. वरच्या फळीवर फोन-टॅब उभे ठेवायला लाकडी किंवा प्लास्टिकचं ताटाळं घ्या, भांड्यांच्या दुकानात मिळतं ते. आडवे एकावर एक ठेवले की खालचा फोन तापतो. ताटाळ्यात दोन उपकरणांमध्ये २-३ सेंमी हवा राहते. मागून प्रत्येक खाचेला एक आखूड केबल.

बंद ड्रॉवरमध्ये चार्जिंग हे नेटवर दिसायला छान दिसतं. करायचंच असेल तर ड्रॉवरची मागची फळी पूर्ण रुंदीने ४ सेंमी कापावी लागते. ड्रॉवर जितका बाहेर येतो त्याहून थोडी जास्त केबल मागे सैल ठेवावी लागते, नाहीतर ती चॅनलमध्ये अडकून सोलली जाते. आणि लॅपटॉप, पॉवर बँक, ८० वॅटचा फोन ड्रॉवरमध्ये कधीच नको. घड्याळ, इअरबड्स चालतील. चार्जर स्वतः ड्रॉवरच्या बाहेर.

चिकटपट्टीच्या केबल क्लिप मुंबईत टिकत नाहीत. डिस्टेंपरच्या भिंतीवर तर आठवडाभरात रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतात. सनमायकावर लावायच्या असतील तर आधी स्पिरिटने पुसून, कोरडं करून, दाबून एक रात्र तशाच सोडायच्या. नाहीतर सरळ छोटे स्क्रूचे सॅडल.

तांब्याचीतार
सोफ्यापर्यंत वीज न्यायचं सांगतो. खाच मारता येत नाही म्हणजे केसिंग-कॅपिंग (भिंतीवर बसवायची झाकणाची पट्टी, तिच्या आतून वायर). टीव्हीमागच्या बोर्डातून निघून स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीच्या) वरच्या काठाने एक इंची पीव्हीसी पट्टी फिरवायची. दीड स्क्वेअर एमएमच्या तीन सुट्या वायर, लाल-काळी-हिरवी, आयएसआय मार्कच्या. वाटेत जोड नको, सलग वायर. तुमच्या मापाच्या हॉलला साधारण साडेसहा-सात मीटर पट्टी आणि तेवढ्याच लांबीच्या तीन वायर लागतील, दोन्ही टोकांना हातभर जास्त धरा. दार मध्ये आलं तर चौकटीवरून वळसा घ्यायचा. उंबरठ्याखालून किंवा पायपुसण्याखालून वायर नेली की रोज पायाखाली चिरडून आतलं इन्सुलेशन फाटतं.

शेवटी सोफ्याच्या बाजूला चार मॉड्यूलचा सरफेस बॉक्स: एक ६ अँपियरचं सॉकेट आणि त्याचं बटण. बॉक्स सोफ्याच्या पाठीमागे नको, हाताच्या बाजूला. सोफा-कम-बेड उघडताना-मिटताना मागे सरकतो आणि खोचलेल्या प्लगवर आदळतो, पिन वाकते, सॉकेट तडकतं. याच पट्टीतून नेटची फायबर नेली तरी चालेल, तिच्यात वीज नसते. लॅन किंवा केबल टीव्हीची तार २३० व्होल्टच्या पट्टीत घालायची नाही.

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. घर सोडताना पट्टी काढून भोकांना लांबी (पुट्टी) भरली की झालं.

गारवेल
खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. त्या सरफेस बॉक्समध्ये तयार यूएसबी मॉड्यूल बसवलं तर चार्जरच लागणार नाही, ते कसं?

तांब्याचीतार
नको म्हणेन. जुनी यूएसबी मॉड्यूल ५ व्होल्ट, २.१ अँपियरची असतात, म्हणजे साडेदहा वॅट, तेही दोन पोर्टमध्ये विभागून. आजच्या फोनला ते फार मंद आहे. शिवाय बिघडलं तर वायरमन बोलवायला लागतो, चार्जर बिघडला तर तुम्हीच बदलता. बसवलंच तर त्याच्या फेजमध्ये बटण घालून घ्या, कारण थेट जोडलेलं मॉड्यूल चोवीस तास चालू राहतं.

पाचवा_मजला
सोफ्यापाशी लांब केबल लागणार, तर जाडीकडे लक्ष द्या. बारीक २८ गेजच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओम. दोन मीटरच्या केबलमध्ये वीज जाऊन-येऊन चार मीटर फिरते, म्हणजे ०.८५ ओम. ५ व्होल्टवर २ अँपियर ओढायचे म्हटले तर १.७ व्होल्ट केबलमध्येच जातात. फोनला ते जाणवतं आणि तो स्वतःहून ओढ कमी करतो. २४ गेजच्या वायरीत तीच घट ०.७ व्होल्टच्या आत राहते. म्हणून सोफ्यासाठी दीड-दोन मीटरची केबल चांगलीच घ्या. ताटाळ्यामागे ३०-५० सेंमीच्या साध्या पुरतात.

टाइप-सी केबल दिसायला सगळ्या सारख्या. ३ अँपियरची केबल ६० वॅटपर्यंत. त्याच्या वर जायला केबलच्या टोकात ई-मार्कर चिप लागते, ती नसेल तर चार्जर ६० वरच थांबतो. तुमच्या ६५ वॅटच्या लॅपटॉपला १०० किंवा २४० वॅट छापलेली केबल घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा, म्हणजे घरात ती इअरबड्सना लावली जाणार नाही.

लॅमिंग्टन रोडला छोटा यूएसबी मीटर मिळतो. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावला की व्होल्ट-अँपियर दिसतात. ९ व्होल्ट आणि २ अँपियरच्या आसपास दिसलं तर जलद चार्जिंग चालू आहे. ५ व्होल्टवरच अडकलं तर आधी केबल बदलून बघा, मग चार्जरवर शंका घ्या. वायर, पट्टी, सॉकेट मात्र लोहार चाळीतून. दोन्हीकडे रविवारी बहुतेक दुकानं बंद.

खरेदीत एक तपासणी कराच. चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) नोंदणी चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव आणि कोणत्या वस्तूसाठी नोंदणी आहे ते दिसतं. नाव जुळलं नाही तर चार्जर परत करा. नकली चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांतलं अंतर पुरेसं ठेवलेलं नसतं. तिथे बिघाड झाला तर मेनची वीज थेट हातातल्या फोनपर्यंत येते.

उंबरठा
लॅपटॉप चार्जिंगला असताना धातूच्या अंगावर बोट फिरवलं की झिणझिण्या येतात, जुन्या इमारतीत जास्त. हे शॉकचं लक्षण समजायचं का?

तांब्याचीतार
दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये विजेतले अडथळे (नॉइज) गाळण्यासाठी मेन आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडी, मिलिअँपियरच्या अंशाएवढी गळती अंगावर येते. मीटर लावला तर ८०-१०० व्होल्टही दिसतात, पण त्यामागे जोर नसतो. तीन पिनांचा टॉप असलेला, अर्थ आउटपुटपर्यंत जोडलेला चार्जर लावला आणि घराला खरं अर्थिंग असलं की झिणझिण्या थांबतात.

खरा प्रश्न त्या 'खऱ्या' अर्थिंगचा. जुन्या चाळींत, पागडीच्या इमारतींत वायरिंग दोन तारांचं असतं आणि सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं. वायरमनला मीटर लावून तपासायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, असं आलं पाहिजे. आणि एक जुगाड कोणी सुचवला तर त्याला घराबाहेर काढा: सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून देणं. मीटरवर सगळं ठीक दिसतं, पण पुढे न्यूट्रल तुटला की तुमच्या लॅपटॉपच्या, फ्रिजच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) मेनला बसवून घ्या, ती अर्थिंग नसलेल्या घरातही जीव वाचवू शकते. स्पाइक गार्डचंही तसंच, अर्थ नसेल तर त्याचं निम्मं संरक्षण नुसतं कागदावर राहतं.

शिवडीचा_वारा
राउटरसाठी मिनी यूपीएस घेणाऱ्यांसाठी: राउटरच्या तळाचं लेबल वाचा, १२ व्होल्ट १ अँपियर की ९ व्होल्ट. पिनचा बाहेरचा व्यास ५.५ मिमी असला तरी आतला २.१ किंवा २.५ असतो, चुकीचा घेतला की सैल बसून राउटर अधूनमधून बंद पडतो. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर दोन आउटपुटवालाच यूपीएस लागेल. आणि घ्यायच्या आधी नेटवाल्याला विचारा की इमारतीतल्या त्यांच्या स्विचला (घरोघरी नेट वाटणाऱ्या डब्याला) बॅकअप आहे का. तो नसेल तर लाइट गेल्यावर तुमचा राउटर चालू राहील, नेट नाही.

राउटर, सेट टॉप बॉक्स, चार्जर यांच्या उबेला झुरळं घर करतात. महिन्यातून एकदा बटण बंद करून मागची बाजू कोरड्या ब्रशने साफ करा.

निळी_शाई
बॅटरीबद्दल थोडं. लिथियम-आयनला पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता एकत्र आलेली सर्वात वाईट, आणि मे महिन्यातल्या मुंबईच्या हॉलमध्ये दोन्ही आयत्या मिळतात. सोफ्याच्या उशीखाली, कुशनच्या फटीत चार्जिंग अजिबात नको. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा, काहींत ६०चीही असते. बऱ्याच नव्या फोनमध्येही ८०ची सोय आहे. वायरलेस पॅड हॉलमध्ये दिसायला नीटनेटका, पण त्यात वीज जास्त वाया जाते आणि ती फोनच्या पाठीत उष्णता होऊन बसते. कॉइल थोडी जरी सरकली तरी आणखी तापतो. घ्यायचाच तर चुंबकाने जागेवर बसणारा घ्या, आणि कव्हरमागे धातूची चकती किंवा नाणं ठेवू नका.

पावसातून आल्यावर फोन 'पोर्टमध्ये ओलावा' म्हणत असेल तर ऐका. पोर्ट खाली करून हलके टिचकी मारा आणि पंख्याखाली काही तास ठेवा. तांदळात ठेवायचा नाही, पिठाची धूळ पोर्टमध्ये जाते.

गारवेल
विजेच्या बिलाचं काय? चार्जर बोर्डातच राहिले तर?

पाचवा_मजला
चांगला चार्जर रिकामा असताना ०.१ वॅटच्या आत खातो, म्हणजे वर्षाला एक युनिटसुद्धा नाही. ५००० एमएएचचा फोन रोज पूर्ण भरला तरी वर्षाला ९-१० युनिट. बटण बंद करायचं ते सुरक्षेसाठी, बिलासाठी नाही.

उंबरठा
कुर्ला, किंग्ज सर्कल, हिंदमाता अशा पावसात पाणी तुंबणाऱ्या भागांत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हीच मांडणी करायची झाली तर?

तांब्याचीतार
तिथे स्कर्टिंगवरून पट्टी नको. वायर छतालगत फिरवून भिंतीवरून खाली उतरवायची आणि सॉकेट जमिनीपासून चार फुटांच्या वर ठेवायचं. टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात चार्जर, बोर्ड, यूपीएस, पॉवर बँक काहीच नको. पाणी घरात शिरायच्या आधी मेन बंद करायचा, पायाखाली पाणी आल्यावर बोर्डाला हात लावायचा नाही. पाणी ओसरल्यावर भिजलेला बोर्ड पंख्याने वाळवून लगेच चालू करू नका, आत चिखल आणि क्षार राहतात. भिजलेली सॉकेट बदलून, वायरमनने वायरिंगला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून रीडिंग १ मेगओमच्या वर आल्यावरच सप्लाय द्या. भिजलेली पॉवर बँक कोरडी दिसली तरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यायची.